मुंबई ते लंडन : एका अंतराची शकावली

पृथ्वीच्या गोलावर मुंबई आणि लंडन या दोन नगरांना जोडणारी सर्वांत आखूड रेषा काढली, तर ती बलुचिस्तान, इराणचे पठार, कॉकेशसचे डोंगर आणि काळा समुद्र यांवरून जात सुमारे ७,२०० किलोमीटर भरते. ही रेषा भूगोलाची आहे, आणि गेल्या अडीचशे वर्षांत तिच्यात नजरेत भरण्याजोगी घट किंवा वाढ झालेली नाही. परंतु ज्या दोन नगरांपैकी एकात हुकूम लिहिला जाई आणि दुसऱ्यात त्याची तामिली होई, त्यांच्यातील खरे अंतर कोसांत मोजून भागत नाही. पत्र लिहिल्याची तारीख आणि पत्र हाती पडल्याची तारीख या दोहोंमध्ये जे दिवस गेले, त्यांत ते मोजावे लागते. हे दुसरे अंतर सतत बदलत आले, आणि मराठी मुलुखाच्या इतिहासातील काही अत्यंत निर्णायक प्रसंग त्या अंतराच्या पोटात घडले, असे माझे ठाम मत आहे. तह, लढाया आणि पुरुष यांच्या वर्णनांनी आपले इतिहासग्रंथ भरलेले आहेत. पत्रांना लागलेल्या दिवसांचा हिशेब मात्र त्यांत क्वचितच आढळतो.

कंपनी सरकारच्या पहिल्या दोन शतकांत लंडनहून मुंबईस येण्याचा नेहमीचा मार्ग एकच होता: आफ्रिका खंडाला वळसा घालून, केप ऑफ गुड होपवरून. हा जलमार्ग वीस हजार किलोमीटरांच्या आसपासचा, म्हणजे आकाशरेषेच्या जवळजवळ तिप्पट. शिडाच्या जहाजाला तो तोडण्यास चार ते सहा महिने लागत, आणि तेही वारा अनुकूल असला तर. इंग्लंडहून निघणारी जहाजे वर्षाच्या आरंभी निघत, म्हणजे अरबी समुद्रात शिरताना त्यांना नैर्ऋत्येचा वारा पाठीशी मिळे. मुंबईहून परतणारी जहाजे थंडीत, ईशान्येचा वारा धरून सुटत. ज्याची हंगामाची वेळ चुकली, त्याचे सहा महिने बुडाले असेच समजावे. त्यामुळे मुंबईच्या गव्हर्नराने एखादा प्रश्न लंडनच्या डायरेक्टरांना विचारला, तर उत्तर येईपर्यंत एक वर्ष तर सहज जाई, आणि पुष्कळदा दीड किंवा दोन वर्षेही लोटत. तितक्या अवधीत ज्याने प्रश्न विचारला तो अधिकारी बदललेला असे, किंवा मेलेला असे, आणि ज्या प्रकरणासंबंधी विचारले होते त्याचा निकाल भलत्याच रीतीने लागून गेलेला असे.

या अवस्थेची जाणीव खुद्द इंग्रजांच्या कायद्यातही उमटलेली आहे. १७७३ च्या रेग्युलेटिंग ॲक्टाने मुंबई व मद्रास येथील सरकारांना कलकत्त्याच्या गव्हर्नर जनरलाच्या देखरेखीखाली आणले आणि त्याच्या संमतीवाचून लढाई किंवा तह करण्यास त्यांना मनाई केली. पण त्याच वेळी अपवादाच्या दोन वाटा मोकळ्या ठेवल्या. एक, प्रसंग अगदीच तातडीचा असल्यास. आणि दुसरी, लंडनहून थेट हुकूम आलेला असल्यास. कलकत्ता आणि लंडन हे दोन धनी, दोघांच्याही पत्रांना लागणारा काळ निरनिराळा, आणि मध्ये मुंबईचे कौन्सिल, ज्याला साष्टी आणि वसई यांची हाव फार दिवसांची होती. या तिढ्यातून पुढे जे निघाले ते मराठी वाचकाला नारायणरावाच्या खुनानंतरचे राजकारण म्हणून परिचित आहे. परंतु त्याची एक बाजू केवळ टपालाची आहे, आणि ती सविस्तर सांगण्याजोगी आहे.

१७७५ च्या मार्च महिन्यात मुंबईकरांनी पदच्युत रघुनाथरावाशी सुरतेचा तह केला आणि साष्टी-वसईच्या मोबदल्यात त्याला पेशवाईच्या गादीवर बसविण्याचे पत्करले. लढाईला तोंड लागले, मे महिन्यात अडासची लढाई झाली. कलकत्त्याच्या कौन्सिलाला हे मान्य झाले नाही. आपल्या संमतीवाचून केलेला तह त्यांनी बेकायदा ठरविला आणि कर्नल अप्टन यास पुणे दरबाराशी बोलणे करण्यास रवाना केले. सखारामबापू आणि नाना फडणीस यांनी त्याच्याशी महिनोगणती घासाघीस करून १ मार्च १७७६ रोजी पुरंदरचा तह केला. त्यांच्या, म्हणजे बारभाईंच्या, कारभाराला यामुळे श्वास घेण्यास उसंत मिळाली. पण याच सुमारास लंडनच्या डायरेक्टरांचे एक पत्र केपचा वळसा घेत समुद्रात होते, आणि पुरंदरच्या तहावरील शाई वाळून काही महिने होतात न होतात तोच ते मुंबईच्या बंदरात उतरले. त्या पत्रात सुरतेच्या तहाला संमती होती.

आता मुंबईकरांना हवे ते मिळाले. कलकत्त्याचा हुकूम एक, लंडनचा दुसरा, लंडन थोरले. त्यांनी रघुनाथरावाला आश्रय देण्याचे सोडले नाही, पुरंदरच्या तहाची कलमे ढिली पडत गेली, आणि अखेर मुंबईची फौज घाट चढून आली. जानेवारी १७७९ मध्ये वडगावास तिची कोंडी होऊन तिला नामुष्कीचा करार लिहून द्यावा लागला, आणि या सगळ्या प्रकरणाचा शेवट १७८२ च्या सालबाईच्या तहापर्यंत लांबला. सुरतेच्या तहाची वार्ता लंडनला पोहोचून तेथील संमती मुंबईस येण्यास सुमारे दीड वर्ष लागले; हे पत्र सहा महिने आधी आले असते तर अप्टनकरवी तह पुरा करण्याचे कलकत्त्याला धाडस झाले असते काय, आणि सहा महिने उशिरा आले असते तर पुरंदरचा तह मूळ धरून बसला असता काय, या प्रश्नांना निश्चित उत्तर देता येणार नाही. पण ज्या युद्धाने मराठी राज्याची सात वर्षे खाल्ली, त्याच्या कारणांत समुद्रावर अडकलेल्या एका पत्राची गणना करावीच लागेल.

पुण्याच्या दफ्तरातील लोकांना काळाची ही किंमत चांगली ठाऊक होती. पेशवाईतील मोडी पत्रांवर ती केव्हा रवाना झाली आणि केव्हा पैवस्त म्हणजे दाखल झाली, या दोन्ही गोष्टींचे शेरे मारण्याचा रिवाज होता. पैवस्तीची तारीख पाहिल्यावाचून पत्रातील मजकुरावर किती भरवसा ठेवावा हे कारकुनाला ठरविता येत नसे. जासूद आणि काशीद यांच्या पायांवर चालणाऱ्या त्या व्यवस्थेने दिल्लीची बातमी पुण्यास काही आठवड्यांत येई. लंडनची बातमी मात्र पुणे दरबाराला मुंबईकर इंग्रज जेवढी आणि जशी सांगतील तेवढीच कळे, आणि माझ्या मते नाना फडणिसासारख्या चाणाक्ष मुत्सद्द्याच्या हेरखात्यातील सर्वांत मोठे भगदाड हेच होते. समुद्रापलीकडे माणूस पाठविण्याची बुद्धी झाली ती रघुनाथरावाला. त्याचा वकील हणमंतराव हा ब्राह्मण आपल्या पारशी सहकाऱ्यासह १७८१ मध्ये इंग्लंडात होता आणि एडमंड बर्क याने त्याला आपल्या बीकन्सफील्डच्या घरी ठेवून घेऊन त्याच्या आचाराला बाध येणार नाही अशी तजवीज केली होती. ज्या धन्यासाठी तो गेला त्याचा पक्ष सालबाईने संपविला, त्यामुळे या प्रवासाकडे आपल्या इतिहासकारांनी जेवढे द्यावे तेवढे लक्ष दिलेले नाही.

वाफेने हे अंतर मोडण्यास आरंभ केला तो मुंबईच्याच गोदीतून. ‘ह्यू लिंडसे’ नावाची आगबोट वाडियांच्या हाताखाली १८२९ मध्ये तेथे बांधली गेली, आणि २० मार्च १८३० रोजी ती मुंबईहून सुएझकडे निघाली. चारशे टनांच्या या बोटीला आपल्या पोटात मावेल त्याहून कितीतरी अधिक कोळसा न्यावयाचा होता. म्हणून उतारूंच्या खोल्यांतही कोळसा भरला, वर तक्त्यावरही ढीग रचले, आणि बंदर सोडताना ती पाण्यात इतकी खोल बसली होती की तिच्या कठड्याला लाटा लागत होत्या. एडनपर्यंत पोहोचता पोहोचता तो साठा संपत आला आणि तेथे नवा कोळसा भरण्यात बरेच दिवस गेले. पुढे मोखा, जेद्दा असे मुक्काम करीत ती २२ एप्रिलला सुएझला लागली. तेहेतीस दिवस झाले, पण त्यांतील दहा-बारा दिवस केवळ कोळशापायी वाया गेले होते, आणि गव्हर्नर सर जॉन माल्कम याला व त्याच्या आरमारी अधिकाऱ्यांना त्यातून एक गोष्ट स्वच्छ उमगली: वाटेवर कोळशाचे ठाणे असेल तर हा मार्ग महिन्याच्या आत येतो.

ते ठाणे त्यांनी नऊ वर्षांनी घेतले. जानेवारी १८३९ मध्ये मुंबई सरकारच्या तुकडीने एडन काबीज केले आणि तेव्हापासून जवळजवळ शतकभर, १९३२ पर्यंत, अरबस्तानच्या टोकावरील तो काळा खडक मुंबई इलाख्याचा भाग म्हणून राहिला. त्या कारभाराचा एक परिणाम मराठी माणसाने विसरू नये. १८७९ च्या बंडानंतर वासुदेव बळवंत फडके यांना जन्मठेप भोगण्यास पाठविले ते या एडनच्याच तुरुंगात, आणि १८८३ च्या फेब्रुवारीत त्यांचा अंत तेथेच झाला. विलायती टपालाच्या सोयीसाठी घेतलेले कोळशाचे ठाणे आद्य क्रांतिकारकाचे मृत्युस्थान झाले.

सुएझ आणि भूमध्य समुद्र यांमध्ये अद्याप कालवा नव्हता. अलेक्झांड्रियाहून महमुदिया कालव्याने नाईलपर्यंत, नाईलमधून कैरोपर्यंत, आणि तेथून सुएझपर्यंत चौऱ्याऐंशी मैलांचे वाळवंट: घोडे जोडलेल्या दुचाकी गाड्यांतून उतारू जात आणि त्यांच्या मागून उंटांच्या रांगांवर टपालाच्या पेट्या येत. या वाटेची सिद्धता दाखविण्यात टॉमस वॅगहॉर्न या माणसाने आपले आयुष्य आणि आपली मिळकत दोन्ही खर्ची घातली. १८४५ मध्ये त्याने मुंबईची टपाल त्रिएस्टमार्गे सुमारे तीस दिवसांत लंडनला पोहोचवून दाखविली. लंडनहून येणाऱ्या पत्रांना मार्सेलमार्गे आणि साउदॅम्प्टनमार्गे अशा दोन वाटा होत्या. पहिली लवकरची आणि महागडी, दुसरी सावकाश आणि स्वस्त. पहिल्या वाटेने जाणारे पत्र वजनात हलके राहावे म्हणून लोक अतिशय पातळ कागदावर दाट अक्षरांत लिहीत. १८५८ पर्यंत अलेक्झांड्रिया ते सुएझ सलग आगगाडी झाली आणि उंटांचे ते तांडे टपालाच्या कामातून मोकळे झाले.

रंगो बापूजी गुप्ते यांचा लंडनमधील वनवास नेमका या संक्रमणकाळात पडतो. साताऱ्याचे प्रतापसिंह महाराज १८३९ मध्ये पदच्युत झाले आणि त्यांची फिर्याद घेऊन हा वकील लेडनहॉल स्ट्रीटवरील कंपनीच्या कचेरीसमोर चौदा वर्षांच्या आसपास उभा राहिला. धनी काशीला कैदेत, वकील लंडनला, आणि मध्ये दोन समुद्र व एक वाळवंट. १८४७ मध्ये महाराज काशीला वारले; ती वार्ता लंडनला पोहोचेपर्यंतच्या आठवड्यांत वकील एका मृत राजासाठी न्याय मागत होता, याची कल्पना केली असता अंतःकरण पिळवटून निघते. ५ एप्रिल १८४८ रोजी गादीवरील शहाजी महाराजही निवर्तले. मृत्युशय्येवर त्यांनी दत्तक घेतला होता, आणि मुंबईचा गव्हर्नर क्लार्क तो दत्तक मंजूर करावा अशा मताचा होता. पण मेच्या आरंभी क्लार्कची मुदत संपून फॉकलंड आला, आणि त्याच्या कौन्सिलातील बहुमत राज्य खालसा करण्याचे पडले. सातारा, मुंबई, कलकत्ता, लंडन अशी कागदपत्रे फिरत राहिली आणि डायरेक्टरांचा अंतिम हुकूम जानेवारी १८४९ च्या अखेरीस सुटला. छत्रपतींचे संस्थान त्या हुकमाने बुडाले. टपाल एव्हाना पूर्वीपेक्षा तिपटीने जलद झाली होती, आणि सातारकरांचा त्यात काही लाभ झाला नाही. झाला असलाच तर तोटा झाला, कारण पूर्वी जे स्थानिक अधिकाऱ्याच्या दयेवर किंवा अन्यायावर सुटत असे ते आता लंडनच्या मेजावर नेऊन ठरविता येऊ लागले होते. रंगो बापूजी १८५३ मध्ये रिकाम्या हाताने परतले.

यानंतरचा मोठा टप्पा तारेचा. १० मे १८५७ ला मीरतेस उठाव झाला, त्याची बातमी लंडनला जूनच्या अखेरीस कळली. म्हणजे दीड महिनाभर ब्रिटिश मंत्रिमंडळ एका निराळ्याच हिंदुस्थानावर राज्य करीत होते. पुन्हा असे होईल या भीतीपोटी तांबड्या समुद्रातून पहिली तार घाईने टाकण्यात आली ती निकामी ठरली. मग १८६५ मध्ये तुर्की मुलूख, इराणचे आखात आणि कराची या वाटेने तार जोडली गेली, पण त्या वाटेने येणारे संदेश अनेक परकी हातांतून जात अनेक दिवस रखडत आणि पुष्कळदा ओळखू न येण्याइतके भ्रष्ट होऊन पोहोचत. त्याच वर्षी मुंबईत जे घडले त्यावरून व्यापाऱ्याच्या लेखी बातमीच्या एका दिवसाचे मोल काय होते ते समजते. अमेरिकेतील यादवीमुळे लँकेशायरच्या गिरण्यांना खानदेश, वऱ्हाड आणि गुजरात येथील कापसावाचून गत्यंतर नव्हते आणि मुंबईत सोन्याचा पूर आला होता. प्रेमचंद रायचंद यांच्याविषयी असे सांगतात की विलायती मेल बंदरात शिरण्यापूर्वीच लिव्हरपूलचा भाव कळावा म्हणून ते आपली होडी समुद्रात सामोरी धाडीत. यादवी संपल्याची वार्ता आली, कापूस कोसळला, आणि १ जुलै १८६५ या वायद्याच्या दिवशी मुंबईतील असंख्य घराणी धुळीस मिळाली.

पाच वर्षांनी, १८७० मध्ये, ‘ग्रेट ईस्टर्न’ या अजस्र जहाजाने मुंबईहून एडनच्या दिशेने समुद्रतळाशी तार अंथरली, आणि त्याच वर्षीच्या जूनपासून मुंबई व लंडन मिनिटांच्या अंतरावर आली. आदल्या वर्षी, १७ नोव्हेंबर १८६९ ला, सुएझचा कालवा खुला झालेला होता आणि जलमार्ग आठ हजार किलोमीटरांहून अधिक आखूड झाला होता. ही दोन कामे सुमारे सात महिन्यांत पूर्ण व्हावीत हा योगायोग असला, तरी त्यांचा परिणाम एकच झाला. दूरच्या गव्हर्नराला स्वतःच्या विवेकावर सोडून देण्याची गरज उरली नाही. लंडनच्या स्टेट सेक्रेटरीचा अधिकार या काळापासून जो करडा होत गेला त्याचे श्रेय, किंवा दोष, तारेच्या या दोराला दिला पाहिजे.

तारेतून आज्ञा येई, मजकूर मात्र मेल बोटीनेच येई. शतकाच्या अखेरीस लंडनची टपाल आगगाडीने इटलीतील ब्रिंडिसीपर्यंत आणि तेथून पी. अँड ओ. कंपनीच्या बोटीने मुंबईस सोळा-सतरा दिवसांत येऊ लागली. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास ती मुदत पंधरवड्यावर आली. या वेगामागे एक व्यवस्था अशी होती की, जिच्याकडे उतारूंचे लक्षही जात नसे. बोटीवर एडनपासून मुंबईपर्यंत समुद्री टपाल कचेरीचे कारकून दिवसरात्र बसून पिशव्या फोडीत आणि पत्रे गावोगावच्या खणांत लावीत, म्हणजे बोट धक्क्याला लागताच पुणे, नागपूर, कलकत्ता, लाहोर अशा वर्गवार पिशव्या तडक आगगाडीत चढत. हेलकावणाऱ्या बोटीत, पावसाळ्यातल्या खवळलेल्या अरबी समुद्रावर, सहस्रावधी अपरिचित हस्ताक्षरे वाचीत बसलेल्या त्या कारकुनांचे ऋण हिंदुस्थानच्या व्यापारावर आणि वृत्तपत्रांवर फार मोठे आहे. १८६८ ला सुरू झालेले हे खाते १९१४ च्या युद्धाने बंद पडले.

त्या काळच्या प्रवासाचा वेग कळण्यासाठी एकच उदाहरण पुरे. विनायक दामोदर सावरकर यांना घेऊन ‘मोरिया’ ही बोट १ जुलै १९१० ला इंग्लंडहून निघाली. ८ जुलैला मार्सेलच्या बंदरात त्यांची ती जगद्विख्यात उडी पडली. आणि २२ जुलैला त्यांना मुंबईत उतरविण्यात आले. तीन आठवडे. त्या उडीची वार्ता त्यांच्याआधीच युरोपभर गेली होती आणि तिने हेगच्या न्यायासनापर्यंत प्रकरण नेले. माणूस बोटीच्या वेगाने आणि त्याची कीर्ती तारेच्या वेगाने, अशी ही फारकत मराठी इतिहासात प्रथम इतक्या ठळकपणे दिसते.

आकाशमार्गाने येताना मुंबई प्रथम मागे पडली होती. ३० मार्च १९२९ रोजी इंपीरियल एअरवेजने लंडन ते कराची अशी विमानटपाल सुरू केली. युरोपात काही मजल आगगाडीने, भूमध्य समुद्रावर उडत्या बोटीने, आणि कैरोपासून पुढे इराकच्या वाळवंटावरून जमिनीवरील विमानाने: सात दिवसांत पत्र कराचीस येई आणि तेथून आगगाडीच्या संथ गतीने मुंबईस. ही उणीव भरून काढली ती जहांगीर रतनजी दादाभाई टाटा यांनी. १५ ऑक्टोबर १९३२ ला एका इंजिनाचे लहानसे ‘पस मॉथ’ विमान स्वतः हाकीत ते कराचीहून निघाले, अहमदाबादला उतरले, जेथे त्यांच्यासाठी पेट्रोलचे डबे बैलगाडीतून आणले होते, आणि दुपारी जुहूच्या चिखलट माळावर येऊन टेकले. तेथून नेव्हिल व्हिंटसेंट याने तीच टपाल बेल्लारीमार्गे मद्रासेस नेली. जुहूच्या त्या विमानतळावर माडाच्या झावळ्यांनी शाकारलेल्या झोपडीपलीकडे इमारत नव्हती, आणि पावसाळा लागला की मैदान पाण्याखाली जाई म्हणून सगळे बिऱ्हाड उचलून पुण्याला येरवड्यास न्यावे लागे. लंडनचे पत्र मुंबईला आठवड्याच्या आसपास मिळू लागले ते या झोपडीमुळे. आजच्या मुंबईकराने जुहूवरून जाताना याची आठवण ठेवावी.

८ जून १९४८ च्या रात्री एअर-इंडिया इंटरनॅशनलचे ‘मलबार प्रिन्सेस’ हे लॉकहीड कॉन्स्टेलेशन विमान पस्तीस उतारूंना घेऊन सांताक्रूझहून कैरो व जिनिव्हामार्गे लंडनकडे निघाले. भाडे १,७२० रुपये. जे अंतर तोडण्यास सुरतेच्या तहाच्या वेळी अर्धे वर्ष लागले ते आता सुमारे एका दिवसावर आले. लंडनहून येणाऱ्या हुकमाची सत्ता आदल्याच वर्षी संपली होती, आणि आपल्या मालकीच्या विमानाने, आपल्या कामासाठी, आपल्या खर्चाने लंडनला जाण्याचा हा पहिला प्रसंग होता. म्हणून या तारखेचे महत्त्व मला फार वाटते. १९६० मध्ये जेट इंजिनाची बोइंग ७०७ विमाने आली आणि दिवसाचे तास निम्म्याहून कमी झाले.

या वेगाची किंमत मोजावी लागली, आणि ती एकाच पर्वतावर दोनदा मोजावी लागली. ३ नोव्हेंबर १९५० ला जिनिव्हाकडे उतरत असताना तीच ‘मलबार प्रिन्सेस’ आल्प्समधील मों ब्लाँ शिखरावर आदळून अठ्ठेचाळीस माणसे गेली. २४ जानेवारी १९६६ ला ‘कांचनजंगा’ हे बोइंग त्याच पर्वतावर कोसळले. एकशे सतरा मृतांत डॉ. होमी भाभा होते. पुढे ऑगस्ट २०१२ मध्ये त्या पर्वतावरील बोसाँ हिमनदीच्या बर्फातून गिर्यारोहकांच्या हाती एक पिशवी लागली. आत भिजलेली वर्तमानपत्रे होती, आणि वर परराष्ट्र मंत्रालयाच्या टपालाचा शिक्का. केपच्या वळशाने येणाऱ्या कुठल्याही पत्राला जितका विलंब झाला नसेल तितका, शेहेचाळीस वर्षांचा, विलंब या पिशवीला झाला.

आता मुंबईहून निघालेले विमान कोठेही न थांबता साडेनऊ-दहा तासांत लंडनला उतरते, आणि परतताना सुमारे तासभर लवकर येते, कारण उंच आकाशात पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारा जोरदार वारा त्याला मागून रेटतो. शिडाच्या जहाजांच्या कप्तानांना वाऱ्याचा जो हिशेब करावा लागे तो वैमानिकालाही चुकलेला नाही. राजकारणाचा हिशेबही चुकलेला नाही. १९६७ च्या जून महिन्यातील अरब-इस्रायल युद्धाने सुएझचा कालवा आठ वर्षे बंद पडला, तेव्हा मुंबईची जहाजे पुन्हा केपला वळसा घालू लागली आणि शंभर वर्षांपूर्वी पुसले गेलेले अंतर जसेच्या तसे परत आले. फेब्रुवारी ते जुलै २०१९ आणि पुन्हा एप्रिल २०२५ पासून पाकिस्तानने आपले आकाश भारतीय विमानांना बंद केले. इराण आणि इराकच्या आकाशावरही अधूनमधून पडदा पडतो. अशा वेळी विमानांना अरबी समुद्रावरून दक्षिणेकडे वळसा घ्यावा लागतो, तास वाढतात, इंधन वाढते. आरंभी सांगितलेल्या सरळ रेषेवर विमान नेमके कधीच उडत नाही. ते परवानगी मिळेल त्या वाटेने उडते.

हे सारे लिहिण्यामागे एक विनंती आहे, आणि ती इतिहासाच्या तरुण अभ्यासकांना आहे. पुण्याच्या पेशवे दफ्तरात मराठी बाजूची पत्रे आहेत, मुंबईत एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतील राज्य अभिलेखागारात मुंबई सरकारची आहेत, आणि लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत डायरेक्टरांची आहेत. आपल्या पूर्वसूरींनी शकावल्या केल्या त्या घटनांच्या. सुरतेच्या तहापासून सातारा खालसा होईपर्यंतच्या पाऊणशे वर्षांची शकावली कोणीतरी पत्रांची करावी, आणि तिच्यात प्रत्येक पत्रापुढे रवाना आणि पैवस्ती असे दोन रकाने ठेवावेत. मोडी आणि इंग्रजी हे दोन्ही हस्तलेख वाचणारे दोघे-तिघे जरी एकत्र बसले तरी हे काम काही वर्षांत उरकण्यासारखे आहे, आणि ते झाल्यावाचून त्या काळातील कोणाही मुत्सद्द्याला चूक किंवा बरोबर ठरविण्याची घाई करू नये.